तारा वर घेऊ नका

४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. हे आधी लिहितो, कारण आपल्या घरातून पत्र आलं की माणूस वाईटच धरून चालतो. आईचा गुडघा जिना चढताना दुखतो, बाकी ती बरी आहे. तुझा पत्ता आत्याने दिला. तिच्यावर रागावू नकोस, मी फार मागे लागलो होतो.

लिहायचं कारण तसं किरकोळ आहे. गिटारीचं ते पिल्लू, तुझं युकुलेले, मी कपाटावरून खाली काढलं. तू ते उशीच्या अभ्र्यात घालून वर गाठ मारली होतीस. गाठ कसली, गुंताच होता तो. सोडवताना मला घाम फुटला. धूळ पुसली, तारा सुरात लावल्या. मी काम करतो त्या दुकानात काउंटरवर बसणाऱ्या ताईंनी फोनवर सूर लावून दाखवले, त्याच्याशी जुळवून घेतल्या. तुझी वस्तू न विचारता घेतली, त्याबद्दल माफ कर.

दुकान चष्म्याचं आहे, मी मागच्या खोलीत असतो. काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, दांड्यांचे स्क्रू आवळायचे, नाकावरच्या गाद्या बदलायच्या. सगळं काम बोटांचं आहे. मालक म्हणाले, बोटं मोकळी राहायला काहीतरी वाजवत जा. म्हणून वाजवतो.

सी, ए मायनर आणि एफ हे कॉर्ड जमले. जी सेव्हनही जमला. थोडी खरखर येते, पण नवशिक्याची येणारच. गाडी अडली आहे ती ई कॉर्डपाशी. तुला सांगायला नको, तरी नीट लिहितो, म्हणजे माझं काय चुकतं ते तुला कळेल. वाद्याच्या मानेवरच्या दोन धातूच्या पट्ट्यांमधल्या जागेला मी घर म्हणतो. पहिल्या तीन तारा चौथ्या घरात दाबायच्या आणि शेवटची दुसऱ्या घरात. म्हणजे मधलं बोट, अनामिका आणि करंगळी अशी तिघं जण एका घरात, आणि ते घर केवढं, तर माझ्या अंगठ्याएवढं. तिघं एकमेकांच्या पायावर पाय देतात. दुसरी रीत अशी, की एकटी अनामिका तीन तारांवर आडवी टाकायची. मग ती चौथ्या तारेला चिकटते आणि तिचा आवाज बंद करते. चिकटू नये म्हणून बोटाचं शेवटचं पेर उलटं वाकवावं लागतं. माझं वाकत नाही. वाकलं तर थरथरतं.

तू हा कॉर्ड बोलता बोलता धरायचास. एकदा ई धरूनच तू आईला विचारलं होतंस, की मोरीतला साबण संपला का.

माझे दोनच प्रश्न आहेत. तुला हा कॉर्ड पहिल्यापासून जमत होता का? आणि जमत असताना नंतर कधी जमेनासा झाला का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी दिलंस तरी चालेल.

दोन ओळी पुरेत.

तुझा धाकटा भाऊ,
तोळामासा
(तू ठेवलेलं नाव अजून चालू आहे. वजनही तेवढंच आहे.)


१९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

उत्तर आलं नाही. टपालाला वेळ लागतो, हे मी जाणतो. तरी लिहितो, कारण मागच्या पत्रात एक गोष्ट खरी नव्हती आणि ती मला टोचते आहे. मालकांनी मला काही वाजवायला सांगितलेलं नाही.

झालं असं. एका आजोबांच्या चष्म्याची दांडी बसवत होतो. स्क्रू चिमट्यात धरला आणि पडला. दुसरा घेतला, तोही पडला. मालक दारातच उभे होते.

"काय रे, स्क्रू पेरतोयस का? उगवायचे नाहीत ते."

काउंटरवर ताई हसल्या. मीही हसलो. मग आत मोरीत गेलो, कडी लावली, अंगातल्या शर्टाची सगळी बटणं काढली आणि परत लावली. परत काढली, परत लावली. ताईंनी दारावर थाप मारून विचारलं, "अहो, पोट बिघडलंय का?" मी हो म्हटलं.

बाबांचं बटणापासूनच सुरू झालं, तुला आठवतच असेल. आधी गळ्याजवळचं लागेना, मग मनगटाचं. ते म्हणायचे, हल्ली काजं लहान शिवतात. आईने एके दिवशी त्यांच्या सगळ्या सदऱ्यांची बटणं काढून टिचबटणं लावून दिली. बाबा दोन्ही हातांच्या मुठींनी ती दाबून बंद करायचे. टिच, टिच असा आवाज यायचा. मग तोही यायचा बंद झाला.

डॉक्टरांनी आपल्या दोघांना बोलावून सांगितलं होतं, की हे दुखणं मुलांकडे येऊ शकतं, येईलच असं नाही, छापा-काटा समजा. तू तेव्हा खिडकीबाहेर बघत होतास. मला वाटलं, तू ऐकलंच नाहीस.

रक्त तपासलं की कळतं म्हणे. माझ्यात ते धाडस नाही. म्हणून मी युकुलेले काढलं. वाटलं, सुई न टोचता हळूच कळेल. जो कॉर्ड जमेल तो आपल्या बाजूचा. सी जमला त्या रात्री मला गाढ झोप लागली. एफ जमला तेव्हाही. आता ई येत नाही, तर झोपही येत नाही. जेवढं दाबावं तेवढी तार जास्त खरखरते. बोटाला खाच पडते, टोक पांढरं होतं, तरी स्वच्छ आवाज नाही. जोरच कमी पडत असणार. दुसरं काय असणार?

आईला मी काही सांगितलेलं नाही. तारांखाली रुमाल कोंबून, स्वयंपाकघराचं दार लावून बसतो. पण तिला कसली तरी कुणकुण आहे. रोज सकाळी मी शर्ट घालायला लागलो की ती खोलीत काहीतरी शोधायला येते. कधी दोऱ्याचं रीळ, कधी कात्री. काल तर कात्री हातात घेऊनच कात्री शोधत होती. माझं शेवटचं बटण लागलं की तिला हवं ते सापडतं आणि ती जाते. मी तिच्याकडे बघत नाही, ती माझ्याकडे बघत नाही, आणि दोघंही बटणाकडे बघतो.

हे सांगायला घरात दुसरं कुणी नाही, म्हणून तुला सांगतो. तू गेल्यावर बाबांना उचलायला मी आणि आई. माझी शाळा त्यातच सुटली. टोमणा म्हणून हे लिहीत नाही. जाताना तू म्हणालास, "मला हे बघवत नाही." आई म्हणाली, "मग डोळे मीट आणि हात लाव." तू पिशवी उचललीस. बाबा गेले तेव्हाही आला नाहीस. त्या दिवसापासून आई तुझं नाव घेत नाही. तुझ्याबद्दल बोलायची वेळ आलीच तर 'तो' म्हणते, तेही भिंतीकडे बघून.

एवढं होऊनही मी तुलाच विचारतो आहे, कारण आपल्या दोघांची हाडं एकाच साच्यातली आहेत. तुझी बोटं ठीक आहेत, एवढंच कळव. तुझी ठीक असतील तर माझीही असतील, असं मी धरून चालेन. हे शास्त्राला धरून नाही, मला माहीत आहे. तरी कळव.

तुझा,
तोळामासा


११ मार्च

दादा,

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं तर म्हणतो.

"ई सोडून दे. त्याच्यावाचून अडत नाही. वाद्य पुन्हा कपाटावर ठेव आणि हात लावू नकोस. आईला सांभाळ."

एवढंच, आणि तेही छापलेलं. खाली सहीसुद्धा नाही. घरमालकाच्या नोटिशीवरसुद्धा सही असते. शाळेत गुरुजी तुझी वही वर्गात फिरवायचे, मोत्यासारखं अक्षर म्हणून, आणि नंतर माझी फिरवायचे, शाईत बुडालेली माशी कशी चालते ते दाखवायला. मी शुद्धलेखन सुधारलं ते त्या रागानेच. अक्षर नाही तर निदान ऱ्हस्व-दीर्घ तरी तुझ्याहून बरं असावं, म्हणून. आणि आता इतक्या दिवसांनी तू भावाला यंत्रातून काढलेला कागद पाठवतोस. आईला मी तो दाखवला नाही. पाकिटावरचा पत्तासुद्धा छापील चिठ्ठी डकवून लावलेला. निदान अक्षर दिसलं असतं तर दाखवला असता.

मी विचारलं काय आणि तू सांगतोस काय? तुझी बोटं ठीक आहेत की नाहीत, याला हो किंवा नाही पुरे होतं. आणि वाद्याला हात लावू नकोस म्हणजे काय? इतकं जिवाभावाचं होतं तर नेलं का नाहीस?

इकडची बातमी चांगली नाही. मालकांनी मला स्क्रूच्या कामावरून काढून काचा पुसायला बसवलं आहे. ओरडले नाहीत. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "थोडे दिवस हे कर." ओरडले असते तर बरं वाटलं असतं. पुसायला कुणीही चालतं. आज ना उद्या त्यांच्याही ते लक्षात येईल.

आता बी फ्लॅटही बिघडला आहे. त्यात पहिलं बोट खालच्या दोन तारांवर सपाट झोपवायचं असतं. मी झोपवतो, पण आवाज येतो तो माशी बाटलीत अडकल्यासारखा. ताईंना एवढंच सांगितलं, की एक कॉर्ड जमत नाही. त्यांनी माझ्या बोटांची टोकं बघितली आणि म्हणाल्या, "अहो, तुमचं वाद्यच आजारी असेल. गिऱ्हाइकाला दिसत नाही म्हटलं तर आपण आधी काच बघतो, का एकदम डोळाच बदलायला सांगतो? आमच्या गल्लीत एक बाई वाद्यं दुरुस्त करतात. त्यांना दाखवा."

मी बघू म्हटलं. गेलो नाही. तुला खरं कारण सांगतो. वाद्य चांगलं निघालं तर? आज माझ्याकडे निदान एक 'कदाचित' आहे. त्या बाईंनी ते हातात घेऊन झकास ई वाजवला, की तोही गेला.

बोटांना आता सवय लागली आहे. टेबलावर, मांडीवर, चादरीवर, कुठेही ती ई धरून बघतात. चादरीवर जमतो.

तुझा भाऊ


२४ मार्च

प्रिय दादा,

हे पत्र सावकाश वाच. मीही सावकाश लिहितो आहे.

मी त्या बाईंकडे गेलो. ताईच घेऊन गेल्या, दुकान बंद केल्यावर, हाताला धरून न्यावं तसं. लांबट खोली आहे. भिंतीवर गिटारी आणि व्हायोलिनं टांगलेली, खाली भुसा, डिंकाचा वास. बाई पन्नाशीच्या, केस आखूड, बोलणं फटकळ. मी अभ्रा सोडायला लागलो तर म्हणाल्या, "आण इकडे, सकाळ होईल तेवढ्यात."

त्यांनी वाद्य डोळ्यासमोर आडवं धरून मानेवरून नजर टाकली, आपण फ्रेमची दांडी वाकडी आहे का बघतो तशी. मग एकेक तार छेडली आणि माझ्याकडे बघितलं.

"ह्याच्यावर तू ई शिकतोयस?"

"हो. जोर कमी पडतो."

"कुठे जोर लावतोस?"

"बोटांचा."

"अरे राजा, जोर काय करणार? तारा बघ किती खाली आहेत, पट्ट्यांवर लोळतायत नुसत्या. इथे पैलवान आणून बसवला तरी खरखरणारच." त्यांनी भिंतीवरचं दुसरं युकुलेले काढून माझ्या हातात दिलं. "ह्याच्यावर धर."

मी धरला. तीन बोटं एका घरात, पहिलं मागे. वाजवलं, आणि आवाज आला. चारही तारांचा, स्वच्छ. ताई म्हणाल्या, "बघा, म्हटलं नव्हतं मी?" मी परत वाजवला, परत वाजवला. बाई म्हणाल्या, "पुरे, शेजारी कळलं." दादा, मी न विचारता त्यांच्या स्टुलावरच बसलो. याने काही सिद्ध होत नाही, मला कळतं. ई वाजवणाऱ्याला ते दुखणं होत नाही, असं कुठल्या डॉक्टरांनी म्हटलेलं नाही. पण त्या घटकेला मला कुणी डॉक्टर नको होता.

तेवढ्यात बाईंनी तुझं वाद्य दिव्याखाली नेलं.

तारा दोन ठिकाणी टेकतात, हे मला तेव्हा कळलं. वर मानेच्या टोकाला खाचांची एक पांढरी पट्टी असते, आणि खाली घोडीवर, म्हणजे तारा बांधतात त्या लाकडी तुकड्यावर, हाडाची दुसरी. बाईंनी दोन्ही दाखवल्या. वरच्या खाचा खोल केलेल्या होत्या, खालची पट्टी घासून अर्धी केलेली. तारासुद्धा सगळ्यांत मऊ जातीच्या लावलेल्या.

"हे कुणी केलं? दुकानातलं काम नाही हे."

"कशासाठी करतात असं?"

"बोटांत जोर नसला की. संधिवाताच्या आज्या येतात माझ्याकडे, त्यांना करून देते मी. थोडं खरखरलं तरी चालतं त्यांना, बोट टेकवलं की वाजलं पाहिजे." त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. भिंगातून बघायची मला सवय आहे. "पण हे एका दमात केलेलं नाही. हे ओरखडे बघ, जुने, मळ बसलेले. किती सरळ आहेत. हात चांगला होता माणसाचा. त्यावर हे मधले. आणि हे शेवटचे."

शेवटचे ओरखडे तिरके होते. एक तर पट्टी सोडून लाकडावरच गेला होता. कानस निसटली होती.

"कुणाचं आहे?" बाईंनी विचारलं.

"माझ्या भावाचं."

"लहान आहे?"

"थोरला."

"हाताला काही लागलं होतं का त्याच्या?"

मी नाही म्हटलं. मग म्हटलं, माहीत नाही. मग मला अभ्र्यावरचा तो गुंता आठवला, आणि तुझं छापलेलं पत्र, आणि डकवलेला पत्ता. ताई माझ्याकडे बघत होत्या.

बाई म्हणाल्या, "बरं, सोड. नवी पट्टी घालते, खाचा भरते, तारा वर घेते. दोन दिवसांनी ये."

मी म्हटलं, "नको. तारा वर घेऊ नका."

"मग खरखरणार ते."

"खरखरू दे. ज्याचं आहे त्याला तसंच लागेल."

त्यांनी भिंग परत घेतलं आणि वाद्य पुसून दिलं.

दादा, म्हणजे बाबांना बटणं लागेनाशी झाली होती, तेव्हा तू शेजारच्या खोलीत कानस घेऊन बसलेला होतास. डॉक्टर बोलले तेव्हा तू सगळं ऐकलंस. तू म्हणालास, 'मला हे बघवत नाही', आणि मला वाटलं, तुला बाबा बघवत नाहीत.

मी काय विचारतो आहे, ते तुला कळतं आहे. लिहू नकोस. छापूही नकोस.

मला अजून भीती वाटते, दादा. आधी एकाची वाटायची, आता दोघांची वाटते.

तुझा,
तोळामासा


३० मार्च

प्रिय दादा,

मी आईला सांगितलं. तुला न विचारता. युकुलेले तिच्यापुढे ठेवलं आणि ते तिरके ओरखडे दाखवले. तिला आधी कळलं नाही, मग कळलं. तिने उठून गॅस बंद केला. त्यावर काही नव्हतंच, नुसताच जळत होता.

मग म्हणाली, "मी त्याला म्हणाले होते, हात लाव म्हणून." बस्स, एवढंच. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो तर म्हणाली, "गप्प बस रे तू."

आज सकाळी मी शर्ट घातला तेव्हा ती काही शोधायला आली नाही. बाहेर येऊन बघितलं, तर खिडकीशी बसली होती. मांडीवर तुझा तो निळा शर्ट, ट्रंकेच्या तळातून काढलेला. शेजारी डबी. बाबांच्या सदऱ्यांवरची टिचबटणं तिने काढून ठेवली होती, हे मला माहीत नव्हतं. कुणासाठी ठेवली होती, ते मी विचारलं नाही. माझ्यासाठीच असणार. आता ती तुझ्या शर्टाला लावते आहे. चार लावून झाली आहेत. प्रत्येक लावल्यावर मूठ वळून दाबून बघते, बोटांनी नाही.

तुझं नाव तिने अजूनही घेतलेलं नाही. दोरा तोडता तोडता एवढंच म्हणाली, "छाती तेवढीच असेल का रे त्याची?"

मी म्हटलं, माहीत नाही. म्हणून तिने दोन्ही बगलांची शिवण थोडी सैल करून ठेवली आहे.

रविवारी मी येतो. शर्ट आणतो, वाद्य आणतो. मालकांना सुट्टी मागितली तर म्हणाले, "जा, आणि आल्यावर स्क्रूला बस. ताईने दोन दिवसांत तीन चष्म्यांच्या दांड्या उलट्या बसवल्यात." रक्त तपासायचं ते नंतर बघू. तू एकदा गेला असशील, तर मला रस्ता दाखव. गेला नसशील, तर दोघं जाऊ. एकट्याने मला जमणार नाही, हे तुला ठाऊकच आहे.

मी दारावर थाप मारेन आणि थांबेन. कडी काढायला वेळ लागला तर लागू दे. घाईघाईने काही करू नकोस. मी बाहेरच उभा असेन.

तुझा,
तोळामासा